पोस्टकार्ड न टाकलेला बाप

गेल्या हिवाळ्यात एका मित्राचा रात्री उशिरा फोन आला. तो ओहायोत असतो, मी दुसऱ्या राज्यात. एरवी आमचं बोलणं म्हणजे व्हिसा, पोस्टडॉकचे पगार आणि कोणत्या देशी दुकानात बरे पोहे मिळतात एवढंच. त्या रात्री त्याने थेट विचारलं, "अगं, हॉस्पिटलमध्ये मी सही केली होती ना? मग मी बाप आहे हे आता परत कोर्टात का सांगायचं?"

त्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं लग्न झालेलं नव्हतं. मुलगी दीड वर्षाची. दोघं वेगळे झाले, ती मुलीला घेऊन दुसऱ्या गावी गेली, आणि तेव्हा त्याला कळलं की आपल्या त्या सहीने एकच गोष्ट ठरली होती. बाप कोण, हे ठरलं होतं. मुलीच्या खर्चाची जबाबदारी त्यातून येते. पण मुलगी कुणाकडे राहणार, तो तिला कधी भेटणार, हे त्या कागदाने ठरत नव्हतं. ओहायोच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय: अविवाहित स्त्रीला मूल झालं, तर कोर्ट वेगळं काही सांगेपर्यंत मुलाचा ताबा एकट्या आईकडे. इकडे सांगलीहून त्याची आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "नात कुठाय रे?" आणि तो दर रविवारी "झोपलीय" म्हणून वेळ मारून न्यायचा.

मी वकील नाही, त्यामुळे त्याला आधी वकील गाठायला सांगितलं. पण माझं काम जुने निकाल वाचायचं आहे. फोन ठेवल्यावर मी एक निकाल पुन्हा काढून वाचला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा, १९८३ सालचा: लेर विरुद्ध रॉबर्टसन. लग्न न झालेल्या बापाबद्दल अमेरिकन कायदा कसा विचार करतो हे समजायचं असेल तर हा निकाल टाळता येत नाही. या लेखात मी तो एखादी कथा वाचावी तसा वाचणार आहे. म्हणजे गोष्ट कोण सांगतंय, काय सांगतंय, आणि काय सांगायचं राहून गेलंय. कायदा बरोबर की चूक हा प्रश्न येईलच, पण थोडा नंतर.

आधी स्टॅन्ली

लेरकडे जायचं तर ११ वर्षं मागे जावं लागतं. १९७२ च्या स्टॅन्ली विरुद्ध इलिनॉय या खटल्यात पीटर स्टॅन्ली आणि जोन स्टॅन्ली हे जोडपं अधूनमधून असं १८ वर्षं एकत्र राहिलं होतं. तीन मुलं. लग्न नाही. जोन वारली आणि इलिनॉय राज्याने मुलं ताब्यात घेतली. का? तर तिथल्या कायद्यात 'पालक' या शब्दाची व्याख्याच अशी होती की त्यात विवाहित आईबाप येत, अविवाहित आई येत होती, पण अविवाहित बाप येत नव्हता. स्टॅन्ली वाईट बाप आहे असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. तशी गरजच नव्हती. तो कायद्याच्या दृष्टीने पालक नव्हता, म्हणून मुलं 'पालक नसलेली' ठरली. राज्याचं आणखी एक म्हणणं होतं: एवढंच असेल तर त्याने मुलं दत्तक घ्यायला किंवा त्यांचा ताबा मागायला अर्ज करावा की! स्वतःचीच मुलं, परक्या माणसासारखी.

न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी बहुमताचा निकाल लिहिला. मुद्दा साधा होता. बहुतेक अविवाहित बाप नालायक असतीलही, पण हा माणूस नालायक आहे का, हे त्याचं ऐकून घेतल्याशिवाय कसं ठरवणार? सुनावणीला वेळ लागतो, पैसा लागतो, हे मान्य. पण केवळ झटपट काम उरकावं म्हणून एखाद्याचं बापपण काढून घेता येत नाही.

हे वाचताना स्टॅन्लीबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांनी असहमतीच्या मतात दाखवून दिलंय की जोन गेल्यावर स्टॅन्लीने मुलं दुसऱ्या एका जोडप्याकडे सोपवली होती, आणि त्याला जास्त काळजी मुलांच्या नावाने मिळणारी सरकारी मदत बंद होईल याची होती. म्हणजे हा काही आदर्श बाप नव्हता. मला वाटतं, म्हणूनच तो निकाल चांगला आहे. व्हाइट यांनी त्याला चांगला बाप म्हटलेलंच नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की त्याचं आधी ऐका, मग ठरवा.

एकाच माणसाच्या दोन गोष्टी

आता लेर. न्यूयॉर्क राज्य. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये एक मुलगी जन्मली. आईवडील काही काळ एकत्र राहिलेले, पण लग्न झालेलं नाही. मुलगी आठ महिन्यांची असताना आईने रॉबर्टसन नावाच्या माणसाशी लग्न केलं. ती दोन वर्षांची झाली तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९७८ मध्ये, रॉबर्टसन पती-पत्नींनी दत्तकासाठी कोर्टात अर्ज केला. तो मंजूर झाला की सावत्र वडील कायद्याने खरे वडील होणार आणि लेर यांचं नातं कायमचं पुसलं जाणार.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा एक नोंदवही होती. 'मी अमुक मुलाचा बाप असू शकतो, दत्तकाची वेळ आली तर मला कळवा' असं ज्या पुरुषाला वाटतं त्याने एक पोस्टकार्ड टाकून नाव नोंदवायचं. लेर यांनी ते टाकलेलं नव्हतं. नोटीस मिळण्याचे आणखी काही मार्ग कायद्यात होते: जन्मदाखल्यावर नाव असणं, कोर्टाने आधीच बाप ठरवलेलं असणं, आई आणि मुलासोबत उघडपणे राहत असणं, आईने शपथेवर नाव सांगितलेलं असणं, मूल सहा महिन्यांचं व्हायच्या आत आईशी लग्न केलेलं असणं. लेर यांपैकी कशातच बसत नव्हते. त्यामुळे त्यांना नोटीस गेली नाही.

पण त्यांनी एक गोष्ट केली होती. ३० जानेवारी १९७९ ला, म्हणजे दत्तकाचा अर्ज अजून प्रलंबित असताना, त्यांनी त्याच राज्यातल्या दुसऱ्या काउंटीच्या कोर्टात स्वतःहून अर्ज दिला: मला या मुलीचा बाप म्हणून जाहीर करा, आणि तिला भेटू द्या. दत्तकाचं प्रकरण ज्यांच्यापुढे होतं त्या जजना हे कळलं होतं. ७ मार्चला लेर यांच्या वकिलाने फोन करून सांगितलं की आम्ही दत्तकाला स्थगिती मागणार आहोत. जज म्हणाले, मी आजच सही केली. आणि तुमच्या अर्जाबद्दल मला माहीत होतं, पण तुम्हाला कळवायला मी बांधील आहे असं मला वाटलं नाही.

हे सगळं बहुमताच्याच निकालात आहे. तरीही सहा विरुद्ध तीन असा लेर यांच्या विरोधात निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी, आणि असहमतीचं मत लिहिलं पुन्हा बायरन व्हाइट यांनीच, मार्शल आणि ब्लॅकमन यांच्या सोबतीने. आता हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचा.

स्टीव्हन्स यांचा लेर असा आहे: मूल होण्याआधी तो आईसोबत राहत होता. प्रसूतीच्या वेळी हॉस्पिटलात भेटायला गेला. त्यानंतर मायलेकींसोबत राहिला नाही, पैसे दिले नाहीत, लग्नाची तयारी दाखवली नाही. बस. तीन-चार वाक्यांत माणूस संपला.

व्हाइट यांचा लेर वेगळा आहे. तो हॉस्पिटलात रोज जात होता. तिथून घरी गेल्यावर आईने आपला ठावठिकाणा त्याच्यापासून लपवला. तो शोधत राहिला, अधूनमधून सापडल्या, मग १९७७ च्या ऑगस्टनंतर पत्ताच लागेना. वर्षभराने त्याने खासगी गुप्तहेर लावून शोधलं, तर तिचं लग्न झालेलं. त्याने पैसे देऊ केले, मुलीच्या नावाने ट्रस्ट करतो म्हणाला. तिने नाकारलं, आणि दूर राहा, नाहीतर अटक करायला लावीन असं बजावलं. मग त्याच्या वकिलाने डिसेंबरमध्ये पत्र लिहिलं की मुलीला भेटू द्या, नाहीतर कोर्टात जाऊ. त्याच महिन्यात दत्तकाचा अर्ज दाखल झाला.

यातला कोणता लेर खरा? आपल्याला माहीत नाही. व्हाइट सांगतात ती लेर यांची बाजू आहे, आणि ती कोर्टात कधी तपासलीच गेली नाही. का तपासली गेली नाही? कारण सुनावणी झाली नाही. सुनावणी का झाली नाही? कारण या माणसाचं मुलीशी नातं नव्हतं, म्हणून त्याचा सुनावणीवर हक्क नाही. आणि नातं का नव्हतं, हेच तर सुनावणीत कळणार होतं! हा युक्तिवाद स्वतःभोवतीच गोल फिरतो. स्टीव्हन्स यांच्या निकालाचा माझ्या मते सगळ्यात मोठा दोष हा आहे. तो कायद्याचा तर आहेच, पण आधी तो गोष्ट सांगण्यातला दोष आहे. निवेदकाने जे गृहीत धरलं, तेच शेवटी सिद्ध झालं म्हणून सांगितलं.

संधी कुणाच्या हातात?

तरी स्टीव्हन्स यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा: रक्ताचं नातं बापाला एक संधी देतं, जी दुसऱ्या कुठल्याही पुरुषाला नसते. मुलाशी नातं जोडायची संधी. ती त्याने घेतली, थोडी जबाबदारी उचलली, तर राज्यघटना त्याच्या पाठीशी उभी राहते. नाही घेतली, तर केवळ जीवशास्त्राच्या जोरावर काही मिळणार नाही. मला हे अर्ध्याहून जास्त पटतं. बाप होणं ही करायची गोष्ट आहे, नुसती असायची नाही. आणि जी बाई एकटीने रात्री जागून मूल वाढवते, तिच्या दारात दोन वर्षांनी कुणी रक्ताचा हक्क घेऊन उभं राहिलं, तर तिला चीड येणारच.

पण 'संधी' या शब्दात एक गोम आहे. संधी हवेत नसते. ती कुणाच्या तरी हातात असते. कायद्यातले नोटिशीचे मार्ग पुन्हा बघा. आई आणि मुलासोबत राहणं, आईने शपथेवर नाव सांगणं, आईशी लग्न करणं. हे सगळं आईच्या मर्जीशिवाय होत नाही. स्टीव्हन्स याला उत्तर देतात: म्हणूनच तर पोस्टकार्ड आहे, ते पूर्णपणे त्याच्या हातात होतं. हे उत्तर कागदावर बिनतोड आहे. फक्त अशी नोंदवही असते हे किती जणांना माहीत असतं? तुम्हाला माहीत होतं? मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

आणि समजा माहीत असायला हवं होतं. तरी पोस्टकार्डाचा हेतू काय? असा एक बाप आहे आणि त्याला सांगायचंय, हे राज्याला कळणं. इथे तो माणूस पोस्टकार्डापेक्षा कितीतरी मोठं काम करून, वकील लावून, कोर्टात अर्ज देऊन बसलाय, आणि जजना ते कळलंय. मग चुकीच्या खिडकीवर कागद दिला म्हणून दार लावून घ्यायचं? व्हाइट यांचा संताप इथे उघड दिसतो. हा निव्वळ कागदी सोपस्कार आहे, असं ते म्हणतात. सरकारी कचेरीत 'हा फॉर्म इथे नाही, पलीकडे' ऐकून घरी आलेल्या प्रत्येकाला हा संताप कळेल.

व्हाइट यांना प्रागतिक नायक करायचा मोह मात्र आवरा. गर्भपाताच्या हक्काला १९७३ मध्ये विरोध करणारे दोन न्यायमूर्ती होते, त्यातले हे एक. १९८६ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा वैध मानणारा निकालही त्यांचाच. पण सुनावणीच्या बाबतीत ते १९७२ मध्ये जिथे उभे होते तिथेच १९८३ मध्येही उभे राहिले. बाकीचं कोर्ट हललं.

जी बोलतच नाही ती

आता व्हाइट यांच्या मजकुराचाही दोष सांगते. दोन्ही मजकुरांत मुलीची आई आहे, पण ती बोलत नाही. बहुमतात ती जवळपास पार्श्वभूमी आहे. असहमतीत ती लपवणारी, नाकारणारी, धमकावणारी बाई आहे. ती का लपली, हा प्रश्न व्हाइट विचारत नाहीत. कदाचित सूड असेल. कदाचित भीती असेल. बायका पत्ता लपवतात तेव्हा अनेकदा कारण असतं, आणि ते कारण फार वेळा मारहाण असतं. 'बापांचे हक्क' या नावाने जे काही लिहिलं जातं त्यातलं बरंचसं ही शक्यता बाजूला ठेवूनच लिहिलेलं असतं, आणि म्हणून मी ते सावधपणे वाचते.

पण नीट पाहिलं तर सुनावणी आईच्याही कामाची आहे. तो मारत होता, पीत होता, पैसे देऊ केले हे खोटं, हे सगळं सांगायची जागा तीच. पत्ता गुप्त ठेवूनही सुनावणी घेता येते. आणि सुनावणी म्हणजे नकाराधिकार नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. लेर यांना दत्तक रोखू द्या असं व्हाइट म्हणतच नव्हते. ते म्हणत होते, ऐकून घ्या. कदाचित ऐकूनही दत्तकच मंजूर झालं असतं, कारण त्या मुलीला घरी वडील होते, दोन वर्षांची सवय होती. तिचं हित तिथेच असू शकतं.

या जागी मला आपल्या सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा एक निकाल आठवतो, ज्यात आईचं नाव गुप्त राखून तिला फक्त 'ए बी सी' म्हटलंय. अविवाहित, कमावती, ख्रिश्चन आई. मुलाचं कायदेशीर पालकत्व मागत होती. खालच्या कोर्टाने म्हटलं, बापाचं नाव सांगा, त्याला नोटीस पाठवू. ती नाही म्हणाली. हायकोर्टातही हरली. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांनी तिच्या बाजूने निकाल दिला: ज्या बापाने मुलाकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याला नोटीस द्यायची सक्ती नाही.

वरवर पाहता हा लेरचाच भारतीय अवतार आहे, आणि मग मी एकाची बाजू घेऊन दुसऱ्यावर टीका कशी करते? मी यावर बराच विचार केला. फरक मला असा दिसतो. पालकत्वाचा आदेश कायमचा नसतो. तो बाप उद्या उगवला आणि त्याला काही म्हणायचं असेल, तर आदेश बदलता येतो, हे त्या निकालातच सांगितलंय. दत्तक तसं नाही. दत्तकाने नातं कायमचं संपतं, आणि नंतर उगवायला जागा राहत नाही. शिवाय लेर उगवलेला होता. सही व्हायच्या महिनाभर आधीच दारात येऊन उभा होता. जी गोष्ट परत फिरवता येत नाही, ती करण्याआधी दारातल्या माणसाला आत घेऊन दोन प्रश्न विचारायला काय हरकत होती?

आपल्याकडे म्हणजे भारतात कायदा फार पुढारलेला आहे असं समजू नका. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर बाप. विवाहातल्या मुलासाठी मात्र आधी बाप, मग आई. म्हणजे लग्न झालं की मूल बापाचं, नाही झालं की आईच्या गळ्यात. हा आईचा सन्मान नाही. पुरुषाला मोकळं ठेवायची सोय आहे. शकुंतलेच्या गोष्टीतही सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावरच होती. महाभारतात तर अंगठीही नाही, थेट आकाशवाणी व्हावी लागली. जिथे बहुतेक बाप पळ काढतात असं धरून कायदा लिहिला जातो, तिथे न पळणाऱ्या बापासाठी कुणी खिडकी ठेवत नाही. माझ्या मित्राला जो कायदा आडवा आला, तो याच जुन्या गृहीतकाचा नातलग आहे.

रक्त, लग्न आणि पासपोर्ट

लेरनंतर गोष्ट आणखी दोन वळणं घेते. १९८९ च्या मायकल एच. विरुद्ध जेराल्ड डी. मध्ये रक्ततपासणीने मायकल बाप असल्याची शक्यता ९८.०७ टक्के ठरवली होती. तो मुलीसोबत काही काळ राहिलाही होता. म्हणजे रक्तही होतं आणि संधीही घेतली होती. तरी हरला, कारण आई दुसऱ्याची बायको होती, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नवऱ्यासोबत राहणाऱ्या बायकोचं मूल नवऱ्याचंच. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिलं की कॅलिफोर्नियाचा कायदा, निसर्गाप्रमाणेच, दोन बाप मानत नाही. गंमत म्हणजे त्याच कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला की मुलाच्या हितासाठी गरज पडली तर कोर्ट दोनपेक्षा जास्त पालक मानू शकतं. निसर्ग तोच होता, कायदा बदलला. कोर्टात कुणी 'हे निसर्गतःच असं आहे' म्हणालं की मी आता तारीख बघते.

दुसरं वळण आपल्यासारख्यांच्या जास्त जवळचं आहे. २००१ च्या न्विन विरुद्ध आयएनएस खटल्यात मुलगा व्हिएतनाममध्ये जन्मलेला, वडील अमेरिकन नागरिक, आईशी लग्न झालेलं नाही. वडिलांनीच त्याला टेक्सासमध्ये वाढवलं. मोठेपणी मुलगा गुन्ह्यात दोषी ठरला, आणि त्याला देशाबाहेर काढायची वेळ आली तेव्हा प्रश्न आला, हा नागरिक आहे का? डीएनए तपासणीत ९९.९८ टक्के. पण कायदा म्हणतो, अविवाहित नागरिक बापाने मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत पितृत्वाचा कागद करायला हवा होता. आईला अशी अट नाही. न्यायमूर्ती केनेडी यांनी पाच विरुद्ध चार मतांनी हा फरक वैध ठरवला. आई जन्माच्या वेळी हजर असतेच, बाप असेलच असं नाही, म्हणून. वाचताना हसू येत नाही, वाईट वाटतं. ज्याने मूल लहानपणापासून एकट्याने वाढवलं, त्याच्याबद्दल कोर्ट 'तो जन्माच्या दिवशी कुठे होता' हे विचारतंय. न्यायमूर्ती ओ'कॉनर यांनी असहमतीत हे जुने साचे असल्याचं सांगितलं, आणि ते खरंच आहे. स्टीव्हन्स यांची कसोटी लावली असती, तर हा बाप पहिल्या नंबराने पास झाला असता. म्हणजे कधी रक्त पुरत नाही, कधी वागणूक पुरत नाही. प्रत्येक वेळी नेमका जो कागद नाही, तोच मागितला जातो.

ग्रीन कार्डाच्या कायद्यातही असंच होतं. १९७७ च्या फियालो विरुद्ध बेल खटल्यात कोर्टाने अविवाहित बाप आणि त्याच्या मुलांना सवलतीबाहेर ठेवणं मान्य केलं. १९८६ मध्ये संसदेने कायदा बदलला: बापाचं मुलाशी खरोखरीचं नातं आहे किंवा होतं, हे दाखवता आलं तर चालेल. कोर्टाने जे केलं नाही ते कायदेमंडळाने केलं.

आज काय करायचं?

आता थोडं व्यवहाराचं, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांची लग्नाशिवाय एकत्र राहण्याची वर्षं आहेत, आणि घरी न सांगता. हा कायदेशीर सल्ला नाही. राज्याराज्यांत फरक आहे.

हॉस्पिटलात मिळणारा पितृत्वाचा फॉर्म १९९० च्या दशकातल्या केंद्रीय कायद्यांमुळे सगळीकडे आहे. दोघांनी सही केली की तो कोर्टाच्या निकालाइतका पक्का. ६० दिवसांत मागे घेता येतो. त्यानंतर फसवणूक, जबरदस्ती किंवा मूळ वस्तुस्थितीतली मोठी चूक दाखवावी लागते. म्हणजे शंका असेल तर आधी तपासणी, मग सही. पण ती सही म्हणजे ताबा नव्हे. ओहायोत काय आहे ते वर सांगितलं. जॉर्जियात तर अविवाहित बापाला ताब्याचा विचार व्हावा म्हणून मूल 'औरस' करून घ्यायचा वेगळा अर्ज कोर्टात करावा लागतो. आजही. तेव्हा सगळं गोड असतानाच, भांडण व्हायच्या आधी, ताबा आणि भेटीचा आदेश घेऊन ठेवणं शहाणपणाचं. आईच्या दृष्टीनेही, कारण मग खर्चाचंही लेखी ठरतं.

आणि पोस्टकार्ड? ते आहेच. अनेक राज्यांत अशी नोंदवही आहे. स्टॅन्लीच्या इलिनॉयमध्ये जन्मानंतर ३० दिवसांच्या आत नाव नोंदवावं लागतं. ज्या राज्याला १९७२ मध्ये 'आधी ऐका' असं सांगितलं गेलं, तिथेही आता ऐकायची मुदत महिनाभराची आहे. एका अर्थी लेरने स्टॅन्ली उलटवला नाही, फक्त त्याला मुदत घातली.

लेर निकाल आजही लागू आहे, आणि बहुधा राहील. त्याची बाजू घेणारे म्हणतात, दत्तक गेलेल्या मुलाचं घर कधीही हलवलं जाऊ नये, म्हणून नियम कडक हवेत. मी मानते. पण कडक नियम आणि बंद कान यात फरक आहे. मराठीत आपण 'सुनावणी' म्हणतो, ऐकवणं या अर्थाने. १९७९ च्या त्या मार्च महिन्यात एक फोन, एक तारीख, अर्धा तास एवढंच लागलं असतं. तो अर्धा तास न दिल्यामुळे आज ४० वर्षांनंतरही आपल्याला कळत नाही की लेर कोण होता: पळालेला की पळवून लावलेला. त्या मुलीलाही, मोठी झाल्यावर निकाल वाचायला घेतला असेल तर, दोन वेगवेगळे बाप वाचायला मिळाले असतील.

मित्राचा अर्ज दाखल झालाय. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिच्याकडेही सांगण्यासारखं बरंच आहे, हे तो आता कबूल करतो, आणि ते ऐकायची त्याची तयारी आहे असं म्हणतो. बघू. गेल्या रविवारी मात्र त्याने "झोपलीय" म्हणायचं टाळलं आणि आईला सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "कोर्टात नीट बोल बाबा. आणि तिच्याबद्दल वाईट बोलू नकोस, लेकरू मोठं झाल्यावर वाचेल."